दारावरचा लिंब

बुधाजीला गप्प बसता आलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गप्प बसणं त्याच्या पिंडातच नव्हतं. आवाज पहाडी, छाती भरदार, आणि समोर चार माणसं जमली की याच्या अंगात वारं शिरायचं. पाणी यायच्या वेळी नळावर बायकांचं भांडण जुंपलं तरी हा तिसऱ्या मजल्यावरून भाषण ठोकायचा, आणि गंमत म्हणजे भांडण मिटायचं.

डिलाईल रोडच्या एका चाळीत त्याची खोली होती. गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यात काम. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात तो आणि त्याची म्हातारी आई राधाबाई, दोघंच. बाबासाहेब गेले तेव्हा दादरच्या चौपाटीवर त्या लाखोंच्या गर्दीत बुधाजीनं दीक्षा घेतली, आणि घरी येऊन फळीवरचे सगळे देव धोतराच्या फडक्यात बांधले. त्यात राधाबाईची मरीआई होती. बोटाएवढा चांदीचा टाक, घासून घासून नाकडोळे पुसट झालेला.

राधाबाईनं दीक्षा घेतली होतीच. देव न्यायला तिची हरकत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बाकीचे ने. तिला ऱ्हाऊ दे रे. ल्हानपनी तिनं मला सोडली." म्हातारीचा सगळा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता. तिची दोन भावंडं त्याच साथीत गेली होती.

"तिनं सोडली नाय, तू जगलीस," बुधाजी म्हणाला आणि गाठोडं उचलून निघाला.

जिन्याच्या तोंडाशी तुळसा पाटी घेऊन बसली होती. वरळीच्या कोळीवाड्यातली ही कोळीण कित्येक वर्षं या चाळीत मासळी घालत होती आणि मासळीबरोबर टोमणेही फुकट वाटत होती. तिनं गाठोडं ओळखलं. "काय रं बुधाजी, आमचे दर्यान देव बुरवाला चाललास? देवी कोपंल रं!"

आता खाली मान घालून पुढे गेला असता तर तो बुधाजी कसला? तो वळला, गॅलरीत डोकावणाऱ्या तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "कोपू दे! माझ्या अंगावर एक पुटकुळी जरी उठली ना, तर आमच्या गॅलरीत सगळ्यांसमोर नाक घासीन!"

टाळ्या पडल्या. ते वाक्य चाळीत गाजलं. पुढे जलशात, सभांत पोवाडा गाताना मध्येच थांबून बुधाजी ते वाक्य टाकायचा आणि छातीवर थाप मारायचा. लोकांना धीर यायचा. त्याच मजल्यावरची चंपा, शिवाची बायको, नवी नवी लग्न होऊन आलेली पोर. तिचा जीव देव सोडायला धजत नव्हता. महिनाभरानं तीही देवांची टोपली घेऊन बुधाजीच्या दारात आली. म्हणाली, "दादा, तुमच्या अंगावर काय उठलं नाय. मग मी कशाला भिऊ?"

ह्या गोष्टीला वर्ष उलटून गेलं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर शहरात देवीची साथ आली. म्युनिसिपालटीचे टोचणारे चाळीचाळींतून फिरू लागले. बुधाजीनं स्वतः पुढे होऊन आख्ख्या मजल्याला टोचून घ्यायला लावलं, लपून बसलेल्या म्हाताऱ्यांना खाटेखालून ओढून काढलं. स्वतः मात्र राहिला. लहानपणी टोचलेलं होतं, दंडावर खूण होती, ती जन्माला पुरेल असं तो धरून चालला. शिवाय त्याच वेळेला सभा होती.

सभा तर त्या दिवसांत चुकवायची नसायचीच. संयुक्त महाराष्ट्राचं वारं गिरणगावात असं भरलं होतं की पाळी सुटली की माणसं घरी जायच्या आधी मैदानात जायची. साथ पसरली तसे 'गर्दी टाळा' असे कागद भिंतींवर लागले. लोक म्हणाले, हा आपल्या सभा मोडायचा डाव आहे. बुधाजीनं तर परळच्या कामगार मैदानावर पोवाड्याआधीच आवाज लावला, "गोळीला भ्यालो नाय, आता फोडाला भिऊ?" मैदान हसलं. माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घोषणा देत होती. बुधाजीला तिथंच रोग लागला असणार. कुणाकडून लागला ते कधीच कळलं नाही, आणि त्या माणसाला तरी ते ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे.

काही दिवसांनी त्याला सणकून ताप भरला. कंबर अशी धरली की अंथरुणावर कूस वळवता येईना. मग ताप उतरला, अंग हलकं झालं, आणि छातीवर फोड उठले. फार नव्हते. थोडे छातीवर, दोनचार हातावर आणि एक कानामागे. बुधाजी स्वतःला म्हणाला, उष्णतेचे आहेत. वैशाख तापलाय, गिरणीत तर भट्टी आहे, फोड येणारच. त्यानं लांब बाह्यांचा सदरा घातला, मनगटापर्यंत गुंड्या लावल्या आणि कामाला गेला.

पण एकाच खोलीत राहून आईपासून काय लपतं? मोरीत अंघोळीला बसला असताना राधाबाई पाणी द्यायला आली आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. तिनं एक फोड बोटानं दाबून पाहिला, दाण्यासारखा आत घट्ट. ती ओरडली नाही, रडली नाही. खाली उतरली, चाळीमागच्या कडुलिंबाची डहाळी तोडून आणली आणि दाराच्या चौकटीला अडकवली.

बुधाजी अंग पुसत बाहेर आला आणि त्याचं डोकंच फिरलं. "हे कशाला लावलंस?"

"येनाऱ्याला कळावं म्हनून."

"काय कळावं? बुधाजीच्या घरी देवी आली? आये, आख्खी चाळ हसंल मला!"

"हसू दे. हसन्यानं कुनी मरत नाय."

त्यानं डहाळी ओढून काढली आणि चुरगळून मोरीत टाकली. राधाबाईनं ती उचलली. "बुधा, लिंब काय फक्त देवीसाठी लावत नव्हते रे. गावात दारावर लिंब दिसला की पोरवाल्या बाया लांबनं जायच्या. घरातलं मानूस भायर पडत नव्हतं. मरीआई तू बुडवलीस, बरं केलंस. पन लिंब तरी ठेव."

"मी लिंब लावला तर लोक काय म्हणतील? म्हणतील, देव सोडले म्हणून देवी कोपली. माझ्या शब्दावर किती घरांनी देव सोडलेत, ठाऊक आहे ना? ती सगळी मागं फिरतील. मी माझ्यासाठी लपवत नाय, समाजासाठी लपवतोय."

हे बोलताना त्याला ते खरंच वाटत होतं. माणूस स्वतःच्या नाकाला समाजाचं नाक म्हणायला लागला की त्याला समजावणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. राधाबाईनं मग शेवटचं एकच मागितलं. "बरं. डाक्टरकडं नको जाऊस. पन परवा जयंतीला नावं ठेवायला जाऊ नको. जगदीशला सांग. शिकलेला पोरगा हाय, तो ठेवील."

बुधाजीनं सदरा अंगात चढवला, मनगटापर्यंत गुंड्या लावल्या आणि तो पाळीला निघून गेला.

बुद्धजयंतीच्या दिवशी चाळीच्या पटांगणात वर्षभरात जन्मलेल्या पोरांची नावं ठेवायची, ही पद्धत दीक्षेनंतर त्यांनीच नवी पाडली होती. पाळणा नाही, आत्याचं कानात कुजबुजणं नाही. आईनं पोर मंडपात आणायचं, बुधाजीनं ते हातांत घ्यायचं आणि भरल्या सभेला ऐकू जाईल असं नाव पुकारायचं. त्यात त्यानं स्वतःची एक गोष्ट घातली होती. पुकारण्याआधी तो पोराच्या गालाला गाल लावायचा. एवढा आडदांड माणूस इतका हळू होऊन पोराला बिलगतो हे पाहून बाया डोळ्यांना पदर लावायच्या. हे काम जगदीशला द्यायचं? जगदीश ऑफिसात कारकून, आवाज मांजराचा. लोक विचारतील, बुधाजी कुठं आहे? कोणीतरी बघायला वर येईल. नाही, जायलाच हवं होतं.

तो गेला. भर वैशाखात गळ्यापर्यंत गुंड्या लावून, पांढराशुभ्र सदरा घालून गेला. पटांगणात मुंगीला शिरायला वाट नव्हती. लोअर परळपासून भायखळ्यापर्यंतची माणसं आली होती. खिरीची पातेली उतरली होती, निळे झेंडे लागले होते. कुणीतरी विचारलं, "दादा, एवढा घाम? सदरा तरी उघडा." तो हसला.

पोरं येत गेली. गालाला गाल, मग नाव, मग जयघोष. चंपा आली ती सगळ्यांत शेवटी. तिची मुलगी जेमतेम तीन महिन्यांची होती. टोचणाऱ्यानं सांगितलं होतं, फार लहान आहे, थोडी मोठी झाली की टोचू. बुधाजीनं तिला घेतलं. पोरीनं मूठ उघडली आणि त्याच्या कानामागे बोटं घातली, नेमकी त्या फोडावर. त्याच्या अंगातून कळ गेली. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याला वाटलं की पोर आईला परत द्यावी. समोर हजारभर माणसं त्याच्या तोंडाकडे पाहत होती. त्यानं गालाला गाल लावला आणि आवाज चढवला, "विशाखा!"

पटांगण दणाणलं. घरी आल्यावर राधाबाईनं त्याचं ताट वेगळं वाढलं आणि तोंड फिरवून बसली.

फोड सुकले, खपल्या पडल्या. बुधाजी मनात म्हणाला, सुटलो. आणि मग त्याच्या मजल्यावर एकाच आठवड्यात तीन घरांत ताप आला, तिन्ही घरांत जयंतीला नाव ठेवलेली पोरं. दोघांच्या अंगावर फोड आले आणि ती हळूहळू सावरली, तोंडावर व्रण घेऊन. विशाखाला मात्र साथीच्या इस्पितळात न्यावं लागलं. म्युनिसिपालटीची गाडी आली, चंपा पोरीला छातीशी धरून जिना उतरली, बुधाजी आपल्या दाराआड उभा राहून फटीतून बघत होता. गाडीबरोबर जायचं धैर्य त्याला झालं नाही. एरवी कुणाचं बोट कापलं तरी इस्पितळात पहिला पोचणारा माणूस!

चंपा रिकाम्या हातांनी परत आली.

त्या घरासमोरून जाताना बुधाजी मान वर करीना. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की आईनं शिवी तरी द्यावी असं वाटे, पण राधाबाई बोलायचीच बंद झाली होती. गिरणीत साच्यांच्या आवाजातही त्याला ती मूठ कानामागे जाणवायची. हात आपोआप तिथं जायचा. आता तिथं नुसता खड्डा होता.

मग एका रविवारी सकाळी गॅलरीत गलका झाला. बुधाजी दारात आला. चंपा हातात टोपली घेऊन उभी होती, टोपलीत नारळ, हिरवा खण, हळदकुंकू. तिच्यामागं सातआठ बाया. तुळसा खाली पाटी ठेवून वर आली होती. कोळीवाड्यातल्या देवीची वाट दाखवायला तिला बोलावलं होतं. पण आज तिच्या तोंडात टोमणा नव्हता. तिनं चंपाच्या पाठीवर हात ठेवला होता आणि तिचे स्वतःचेही डोळे सुजले होते.

जगदीश बायांच्या आडवा उभा राहून समजावत होता, "वहिनी, हा रोग आहे. याचे जंतू असतात, एकाकडून दुसऱ्याला होतो. देवीबिवी काही नसतं."

"रोग हाय ना?" चंपाचा आवाज घोगरा झाला होता. "मग आमच्याच मजल्यावर कसा आला? आमच्यातल्या कोनाला झाला नव्हता, भायरच्या कोनी आमच्या पोरांना हात लावला नव्हता. मग आला कुठनं, सांग की! माजंच चुकलं. मी तिला टोपलीत घालून बुडवली. तिनं माजी पोर नेली. आता पुढचं पोर तरी वाचू दे." आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमी पन चला. आपन सगळ्यांनी चूक केली."

जगदीश बाजूला सरला. मजल्यावर रोग आला कुठून, हे सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो दाराची चौकट धरून उभा होता. बुधाजीनं जे समाजाची अब्रू म्हणून लपवलं होतं, ते लपवल्यामुळेच समाज आता टोपल्या घेऊन मागं फिरायला निघाला होता. तो गप्प बसला तर ह्या बाया जातील. चंपा जन्मभर म्हणत राहील की माझ्या पापानं पोर गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला गप्प बसणं सोपं होतं, आणि बसवत नव्हतं.

"देवीनं नाय नेली," तो म्हणाला.

आवाज एवढा बारीक निघाला की दोघीतिघींनाच ऐकू गेला. त्यानं सदऱ्याच्या गुंड्या काढल्या. छातीवरचे व्रण ताजे होते, तांबूस. राधाबाई त्याच्यामागं येऊन उभी राहिली.

"मला देवी झाल्या होत्या. जयंतीच्या आधी. आयेनं दारावर लिंब लावला होता, मी काढून टाकला. नावं ठेवायला जाऊ नको म्हणाली, तरी गेलो. पोरांच्या गालाला गाल लावला." त्याचा हात कानामागे गेला. "मला ठाऊक होतं, चंपा. विशाखानं फोडाला हात लावला तेव्हासुद्धा ठाऊक होतं."

शिवा भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बसला. तुळसाचा हात तोंडावर गेला. "अरं माज्या देवा," ती म्हणाली.

आता काय करायचं हे बुधाजीला सुचेना. मग जुना शब्द आठवला. तो गुडघ्यांवर बसला, हात टेकले आणि गॅलरीच्या लादीवर त्यानं नाक घासलं, एकदा, दोनदा, कातडी सोलवटेपर्यंत. दुसऱ्या मजल्यावरची माणसं वर बघू लागली. कुणीतरी हळहळलं, "नको दादा, नको."

"उठा," चंपा म्हणाली. "उठा दादा. ही सभा नाय."

तो थांबला. नाकावर रक्त आलं होतं. त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून तो तिच्या टोपलीकडे बघत राहिला.

"तिनंच नेली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. रडत नव्हती. "तिच्याशी भांडन करता येत नाय. मानूस हात जोडतो आनि गप बसतो. तुमी तर रोज समोर दिसनार. नळावर दिसनार. तुमच्याच शब्दावर मी देव सोडले, दादा. तुमी एक लिंब दारावर ठेवला असता तर मी पोर घेऊन लांबनं गेले असते. मी तुमाला हसले असते काय?"

हसली नसती. ती तर नाहीच, आणि तुळसासुद्धा कदाचित हसली नसती. ज्या हसण्याला तो घाबरला होता ते त्याच्या एकट्याच्याच कानात वाजत होतं.

चंपानं टोपली जमिनीवर ठेवली. नारळ काढून तुळसाच्या ओटीत घातला, "तू ने, तुज्या देवीला वाहा. मला काम नाय आता तिच्याकडं," आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाया एकेक करून पांगल्या. कुणी बुधाजीला हात देऊन उठवलं नाही. जगदीश त्याला वळसा घालून जिना उतरून गेला.

बुधाजीला वाटलं होतं की एकदा बोललो की छातीवरचा दगड उतरेल. दगड होता तिथंच होता. फक्त आता तो सगळ्यांना दिसत होता.

दुपारी तो चाळीमागं गेला आणि कडुलिंबाची एक डहाळी तोडून आणली. दाराच्या चौकटीला बांधू लागला, पण सुतळीची गाठ बसेना. राधाबाई उंबऱ्यात येऊन बघत राहिली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली.

"आता कशाला? तुजे फोड तर सुकले."

"येणाऱ्याला कळावं म्हणून," बुधाजी म्हणाला.

म्हातारीनं सुतळी त्याच्या हातातून घेतली आणि नीट गाठ मारून दिली. तेवढ्यात जिन्यातून कुणाची तरी सून कडेवर मूल घेऊन वर आली. तिला दारावरचा लिंब दिसला. तिनं पदरानं मुलाचं तोंड झाकलं आणि ती गॅलरीच्या कठड्याला चिकटून लांबनं निघून गेली. असंच व्हायला हवं होतं, पण जयंतीच्या आधी.